जावातील वर्ग आणि वस्तू : ऊस-पावतीच्या आधारे मूलभूत संकल्पनांचे विवेचन

सारांश

जावा या संगणकीय भाषेच्या अध्यापनात 'वर्ग' आणि 'वस्तू' या दोन संकल्पना पायाभूत मानल्या जातात. व्याख्या पाठ होऊनही या संकल्पनांचे आकलन अपुरे राहते, असा अनुभव सर्वसाधारणपणे येतो. प्रस्तुत लेखात बारामती-इंदापूर परिसरातील विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या ऊस-वजनपावतीचा आधार घेऊन वर्ग, वस्तू, रचनाकार, निर्देश, खासगी माहिती आणि वर्गाची सामाईक माहिती या संकल्पनांचे विवेचन केले आहे. वस्तूची ओळख आणि तिच्यातील माहिती यांत फरक असतो, आणि तो फरक न कळल्यास नोंदी चुकतात, हे या विवेचनाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

बीजशब्द : जावा, वर्ग, वस्तू, निर्देश, रचनाकार, ऊस-पावती, अध्यापन

१. प्रस्तावना

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी (२०१४ पूर्वीचे पुणे विद्यापीठ) संलग्न असलेल्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र व संगणक उपयोजन या विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांत जावा ही भाषा शिकविली जाते. परीक्षेत 'वर्ग म्हणजे काय?' असा प्रश्न आला की 'वर्ग हा वस्तूचा आराखडा होय' असे उत्तर येते. आणि 'वस्तू म्हणजे काय?' असे विचारले की 'वस्तू हे वर्गाचे उदाहरण होय' असे उत्तर येते. दोन्ही उत्तरे चुकीची नाहीत. मात्र प्रत्येक व्याख्या दुसरीवर टेकलेली आहे. ज्याला वर्ग कळलेला नाही त्याला वस्तूच्या व्याख्येतून काही मिळत नाही आणि ज्याला वस्तू कळलेली नाही त्याला वर्गाच्या व्याख्येतून काही मिळत नाही.

हे वर्तुळ भेदण्यासाठी उदाहरण लागते. पाठ्यपुस्तकांतून सहसा मोटार, प्राणी किंवा बँकेतील खाते ही उदाहरणे येतात. मोटार 'धावते' आणि कुत्रा 'भुंकतो', म्हणजे पडद्यावर एक ओळ उमटते. ती ओळ चुकली तर कोणाचेच काही बिघडत नाही. ज्या नोंदीत चूक झाली असता एखाद्याचे नुकसान होते, अशा नोंदीचे उदाहरण घेतले तर वर्गाची गरज आपोआप स्पष्ट होते.

बारामती तालुक्यातील पणदरे आणि आसपासची गावे नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येतात. माळेगाव, सोमेश्वर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील श्रीछत्रपती हे सहकारी साखर कारखाने याच पट्ट्यात आहेत. या भागातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी कारखान्याची वजनपावती जपून ठेवलेली असते. वजनकाटा, खेप, गव्हाण, भरलेले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन हे शब्द त्यांना कोणी शिकवावे लागत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात हेच उदाहरण योजिले आहे. येथे मांडलेला नमुना केवळ अध्यापनासाठी रचलेला आहे. त्यातील वजने आणि नोंदी कल्पित असून कोणत्याही कारखान्याच्या प्रत्यक्ष संगणक-प्रणालीचे ते वर्णन नव्हे.

२. वर्गाच्या संकल्पनेचा उगम

वर्ग ही कल्पना जावाच्या निर्मात्यांनी प्रथम मांडलेली नाही. १९६० च्या दशकात ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन निगार्ड हे दोन संशोधक प्रत्यक्ष जगातील व्यवहारांचे संगणकावर अनुकरण करण्यासाठी 'सिम्युला' ही भाषा घडवीत होते. रांगा, विलंब, वाहतूक असे प्रश्न त्यांच्यासमोर होते. पुलावरील पथकर नाक्यासमोर ट्रक, बस अशी निरनिराळी वाहने रांगेत उभी आहेत. प्रत्येकाची स्थिती वेगळी, पण रांगेत उभे राहण्याची रीत सर्वांची एकच, अशा स्वरूपाच्या उदाहरणांवर विचार करताना वर्ग आणि उपवर्ग या कल्पना आकाराला आल्या. 'सिम्युला ६७' या आवृत्तीत त्या प्रथम पूर्ण स्वरूपात दिसतात. या कार्यासाठी दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

पुढे १९७० च्या दशकात ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'स्मॉलटॉक' ही भाषा विकसित केली. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी भाषेला वर्गांची जोड देण्यास प्रारंभ केला आणि त्यातून सी प्लस प्लस ही भाषा निर्माण झाली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत १९९१ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून जेम्स गॉसलिंग व सहकाऱ्यांनी घडविलेली भाषा १९९५ मध्ये जावा या नावाने जाहीर झाली. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यानंतर जावाचा कारभारही तिच्याकडे आला.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन असे की, वर्गाच्या कल्पनेमागे वाहनांच्या रांगेसारखा साधा व्यवहार होता. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि बैलगाड्यांची जी रांग लागते ती विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. ओस्लोतील संशोधकांसमोरचा प्रश्न त्यांना त्या रांगेतून सहज कळू शकतो.

३. शब्दांची अडचण आणि शब्दांचे साहाय्य

मराठी विद्यार्थ्याला 'क्लास' म्हटले की शिकवणीचा क्लास किंवा परीक्षेतील श्रेणी आठवते. 'वर्ग' म्हटले की शाळेची खोली किंवा संख्येचा वर्ग आठवतो. यांपैकी एकही अर्थ येथे अभिप्रेत नाही. वर्गीकरण, वर्गवारी या शब्दांत जो वर्ग आहे तोच येथे घ्यावयाचा आहे.

या ठिकाणी व्याकरणाचे साहाय्य घेता येते. 'नदी' हे सामान्यनाम आहे. कऱ्हा आणि नीरा ही विशेषनामे आहेत. नदीला पूर येत नाही. पूर येतो तो कऱ्हेला किंवा नीरेला. त्याचप्रमाणे 'खेप' या वर्गाला वजन नसते, वजन असते ते एका विशिष्ट खेपेला. सर्व खेपांना वजन असते, एवढेच वर्ग सांगतो. ते किती आहे हे वस्तू सांगते.

भारतीय तर्कपरंपरेतील जाती आणि व्यक्ती हा भेदही उपयोगी पडतो. अनेक गायींत 'गोत्व' ही एकच जाती असते, असे न्याय-वैशेषिक मत आहे. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या मतानुसार जाती नित्य असते आणि ती शोधावयाची असते. जावातील वर्ग मनुष्य आपल्या कामाच्या गरजेनुसार ठरवितो. उसाच्या खेपेला रंग असतो, वास असतो, ती कोणत्या रस्त्याने आली हेही असते. परंतु वजनाच्या हिशेबाला त्यांची गरज नसल्याने ती वर्गात येत नाहीत. काय नोंदवावयाचे आणि काय वगळावयाचे हा निर्णय वर्ग लिहिणाऱ्याचा असतो आणि त्या निर्णयाची जबाबदारीही त्याचीच असते.

४. 'ऊसखेप' हा वर्ग

कारखान्याच्या काट्यावर उसाने भरलेली गाडी येते. तिचे भरलेले वजन नोंदविले जाते. गव्हाणीपाशी ऊस खाली केल्यानंतर रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते व रिकामे वजन नोंदविले जाते. दोहोंतील फरक म्हणजे निव्वळ वजन. या व्यवहाराचा वर्ग स्थूलमानाने पुढीलप्रमाणे लिहिता येईल. जावाचे आरक्षित शब्द येथे देवनागरीत उच्चारानुसार दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत आणि अंक आंतरराष्ट्रीय चिन्हांत लिहावे लागतात.

क्लास ऊसखेप {
  प्रायव्हेट फायनल स्ट्रिंग पावतीक्रमांक;
  प्रायव्हेट फायनल स्ट्रिंग सभासद;
  प्रायव्हेट फायनल इंट भरलेलेवजन;
  प्रायव्हेट इंट रिकामेवजन;

  ऊसखेप(स्ट्रिंग क्रमांक, स्ट्रिंग नाव, इंट वजन) {
    पावतीक्रमांक = क्रमांक;
    सभासद = नाव;
    भरलेलेवजन = वजन;
  }

  व्हॉइड रिकामेवजननोंदवा(इंट वजन) {
    रिकामेवजन = वजन;
  }

  इंट निव्वळवजन() {
    रिटर्न भरलेलेवजन - रिकामेवजन;
  }
}

या नमुन्याचे तीन भाग पडतात. पहिल्या चार ओळी गुणधर्म सांगतात : प्रत्येक खेपेजवळ कोणती माहिती असेल. वर्गाच्याच नावाचा भाग हा रचनाकार होय : खेप अस्तित्वात येताना काय घडेल. शेवटचे दोन भाग पद्धती होत : खेपेला काय सांगता येईल आणि तिला काय विचारता येईल.

वर्ग लिहून झाला तरी एकही खेप अजून आलेली नाही. कोऱ्या पावत्यांचे पुस्तक छापून झाले, एवढाच त्याचा अर्थ. 'न्यू' हा शब्द वापरून रचनाकाराला हाक दिली की संगणकाच्या स्मृतीत एका खेपेसाठी जागा राखली जाते आणि वस्तू जन्माला येते. उदाहरणार्थ, पावती क्रमांक १०१, भरलेले वजन १८,२४० किलो अशी एक वस्तू निर्माण केली आणि नंतर तिला ६,८९० किलो हे रिकामे वजन कळविले, तर निव्वळ वजन विचारल्यावर ती ११,३५० किलो असे उत्तर देते. पावती क्रमांक १०२ ची दुसरी वस्तू, भरलेले वजन २१,४८० व रिकामे वजन ७,९३० असल्यास, त्याच पद्धतीला १३,५५० असे उत्तर देते. पद्धत एकदाच लिहिलेली आहे. उत्तरे वेगळी येतात, कारण प्रत्येक वस्तू आपल्याजवळचे वजन वापरते.

कोऱ्या पावतीची उपमा येथपर्यंत चालते, पुढे ती अपुरी पडते. कागदी पावती स्वतः वजाबाकी करीत नाही. ती कारकुनाला करावी लागते. जावातील वस्तू मात्र आपली माहिती आणि त्या माहितीवर करावयाची कृती दोन्ही बरोबर बाळगते. 'वर्ग म्हणजे आराखडा' या व्याख्येत नेमका हाच भाग सुटतो.

५. वस्तूचा जन्म आणि तिची अवस्था

वरील नमुना मुद्दामच सदोष ठेवलेला आहे. रिकामे वजन नोंदविण्यापूर्वीच निव्वळ वजन विचारले तर काय होईल? पूर्णांकी गुणधर्माला मूल्य दिले नसेल तर जावा त्यात शून्य धरते. त्यामुळे १८,२४० किलो हेच निव्वळ वजन म्हणून परत येईल, म्हणजे ट्रकचे वजनही उसात धरले जाईल. भाषांतरक कार्यक्रम यावर कोणतीही तक्रार करणार नाही, कारण भाषेच्या नियमांनुसार सर्व काही बरोबर आहे.

यातून वस्तूची 'अवस्था' ही कल्पना शिकविता येते. खेपेच्या दोन अवस्था आहेत : अर्धी नोंद झालेली आणि पूर्ण नोंद झालेली. पहिल्या अवस्थेत निव्वळ वजनाच्या प्रश्नाला उत्तर देण्यास तिने नकार दिला पाहिजे. जावात हा नकार अपवाद फेकून व्यक्त करतात. रिकामे वजन शून्यापेक्षा अधिक आहे काय, भरलेल्या वजनापेक्षा कमी आहे काय, आणि ते आधीच नोंदविले गेले आहे काय, या तीन तपासण्या नोंदविण्याच्या पद्धतीतच असाव्यात.

रचनाकाराचे महत्त्वही येथेच कळते. सभासदाचे नाव आणि भरलेले वजन दिल्याशिवाय खेप निर्माणच होऊ नये, अशी सक्ती रचनाकार करतो. निनावी खेप ही नंतर शोधून काढण्याची चूक न राहता घडूच न शकणारी चूक होते.

वजनाचे टनात रूपांतर करताना होणारी एक चूक येथे नमूद करणे योग्य ठरेल. जावात पूर्णांकाला पूर्णांकाने भागल्यास अपूर्णांक गळून पडतो. ११,३५० ला १,००० ने भागले असता ११ एवढेच उत्तर येते. दर टनाला समजा ३,००० रुपये असेल, तर ३४,०५० रुपयांऐवजी ३३,००० रुपये निघतील आणि एका खेपेमागे १,०५० रुपयांची घट येईल. वजन किलोत ठेवून आधी गुणाकार व शेवटी भागाकार केल्यास ही घट टळते. हे गणित एका ठिकाणी, वर्गाच्या पद्धतीत, लिहिलेले असेल तर दुरुस्तीही एकाच ठिकाणी करावी लागते.

६. निर्देश आणि ओळख

वर्ग आणि वस्तू यांतील भेद समजल्यानंतरही एक अडचण शिल्लक राहते. बहुतेक विद्यार्थी नाव आणि वस्तू यांना एकच समजतात. जावात 'ऊसखेप पहिली' असे लिहिले असता पहिली हे नाव तयार होते, खेप तयार होत नाही. नाव हे वस्तूकडे बोट दाखविते, म्हणून त्यास निर्देश म्हणतात. ते कोणाकडेच बोट दाखवीत नसेल तर त्याचे मूल्य 'नल' असते, आणि अशा नावाला निव्वळ वजन विचारले की आज्ञावली थांबते.

'दुसरी = पहिली' असे लिहिले तर खेपेची नक्कल होत नाही. एकाच खेपेला दोन नावे मिळतात. दुसरी या नावाने रिकामे वजन नोंदविले तर पहिली या नावाने विचारल्यावरही तेच दिसते. एकाच माणसाला घरी 'आबा' आणि कारखान्याच्या सभासद यादीत पूर्ण नावाने ओळखतात. म्हणून माणसे दोन होत नाहीत.

याच्या उलट प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. एकाच सभासदाचा ऊस एकाच ट्रॅक्टरने एकाच दिवशी दोनदा आला आणि दोन्ही वेळा निव्वळ वजन १३,५५० किलो भरले, तर खेपा किती? माहिती तंतोतंत सारखी असली तरी खेपा दोन आहेत. जावात दोन समान-चिन्हांनी केलेली तुलना 'ही एकच वस्तू आहे काय?' असे विचारते. 'इक्वल्स' ही पद्धत 'या दोन वस्तू समान मानाव्यात काय?' असे विचारते, आणि समान कशाला मानावे हे वर्ग लिहिणारा ठरवितो. त्याने सभासद, वाहन, दिनांक आणि वजन सारखे असल्यास खेपा समान, असा नियम केला आणि त्या खेपा हॅशसेट या संचात ठेवल्या, तर संच दुसरी खेप स्वीकारणार नाही. साडेतेरा टन ऊस हिशेबातून नाहीसा होईल आणि पडद्यावर चुकीचा एकही संदेश येणार नाही.

विरुद्ध बाजूची चूकही संभवते. एकच पावती दोनदा टंकलिखित झाली तर स्मृतीत दोन वस्तू निर्माण होतात. समानतेचा नियम लिहिलाच नसेल तर जावा त्यांना भिन्न मानते आणि एका खेपेची रक्कम दोनदा निघते. दोन्ही चुकांवर उपाय एकच आहे : खेपेची ओळख तिच्या वजनावरून न ठरविता पावती क्रमांकावरून ठरवावी. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक पावतीला क्रमांक असतो तो याच कारणासाठी. कागदी व्यवहाराने जे शहाणपण पूर्वीच सिद्ध केले आहे, ते आज्ञावलीत जाणीवपूर्वक आणावे लागते.

जावाच्या २०२१ सालच्या सोळाव्या आवृत्तीपासून 'रेकॉर्ड' हा संक्षिप्त वर्गप्रकार भाषेत कायम झाला आहे. त्यात सर्व घटकांची तुलना करणारी समानता आपोआप मिळते. ही सोय वापरताना पावती क्रमांक हा घटक वगळला गेला, तर वर सांगितलेली चूक एकही अक्षर न लिहिता घडू शकते. सोय वाढली म्हणून संकल्पनेची गरज संपत नाही.

७. खासगी माहिती आणि विश्वास

'प्रायव्हेट' या शब्दाचा अर्थ परीक्षेत 'माहिती लपविणे' असा लिहिला जातो. लपविणे या शब्दामुळे गैरसमज होतो. वजन कोणापासून लपवावयाचे नसते. सभासदाला ते कळलेच पाहिजे. ते कोणीही, कोठूनही, न तपासता बदलू नये, एवढेच अभिप्रेत आहे. वाचण्यास वाट मोकळी आणि बदलण्यास वाट एकच, तीही तपासणीची, असा हा बंदोबस्त आहे. भरलेल्या वजनापुढील 'फायनल' हा शब्द त्याही पुढे जातो : एकदा नोंदविलेले भरलेले वजन त्या वस्तूत पुन्हा बदलताच येत नाही.

नोंद खरोखरच चुकली असेल तर काय करावे, हा प्रश्न विद्यार्थी विचारतात. खतावणीत चुकलेला आकडा खोडून नवा आकडा लिहीत नाहीत. दुरुस्तीची वेगळी नोंद घालतात. त्याच धर्तीवर 'वजनदुरुस्ती' हा स्वतंत्र वर्ग करता येतो. त्याच्या प्रत्येक वस्तूत मूळ पावती क्रमांक, फरक, कारण आणि दिनांक राहील. वाणिज्य शाखेच्या अध्यापकांना यातील तत्त्व परिचित आहे, आणि या विषयावर दोन्ही शाखांचे संयुक्त प्रात्यक्षिक घेता येण्याजोगे आहे.

या बंदोबस्ताची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रायव्हेट ही आज्ञावलीच्या अंतर्गत शिस्त आहे. ती संरक्षण-व्यवस्था नव्हे. माहितीसंचात थेट शिरून आकडा बदलणाऱ्यास ती अडवू शकत नाही. काटाच चुकीचा असेल तर शुद्ध आज्ञावलीही चुकीचेच उत्तर देईल. काट्याची पडताळणी हा वैधमापन कायदा, २००९ च्या कक्षेतील विषय आहे.

८. कोणती माहिती कोणाची?

काही माहिती एकेका वस्तूची नसून संपूर्ण वर्गाची असते. अशी माहिती 'स्टॅटिक' या शब्दाने दर्शवितात. उसाचा दर सर्व खेपांना सारखा, म्हणून तो ऊसखेप वर्गात स्टॅटिक ठेवावा, असे उत्तर विद्यार्थी प्रथम देतात. या उत्तराची वर्गात सविस्तर चर्चा होणे उपयुक्त ठरते.

केंद्र शासनाने २००९-१० च्या हंगामापासून किमान वैधानिक दराच्या जागी रास्त व किफायतशीर दर लागू केला. हंगाम २०२५-२६ साठी १०.२५ टक्के मूलभूत साखर उताऱ्यास हा दर क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये ठरविण्यात आला. २०२४-२५ साठी तो क्विंटलला ३४० रुपये होता. उतारा अधिक असल्यास दर वाढतो, आणि हातात पडणारी रक्कम तोडणी-वाहतूक खर्च वजा होऊन मिळते. म्हणजे दर हंगामागणिक बदलतो आणि कारखान्यागणिकही बदलतो. पणदऱ्याच्या परिसरातील एका शेतकऱ्याचा ऊस दोन कारखान्यांना गेला असेल तर त्याच्या खेपांना दोन दर लागू शकतात. दर स्टॅटिक ठेवला तर नव्या हंगामाचा दर भरताच मागील हंगामाच्या खेपांची रक्कमही बदलेल.

तेव्हा दर खेपेचा नाही आणि खेपेच्या वर्गाचाही नाही. तो 'कारखानाहंगाम' या तिसऱ्याच वस्तूचा आहे. प्रत्येक खेपेने त्या वस्तूकडे निर्देश ठेवावा आणि रक्कम काढताना तिला दर विचारावा. एक टन म्हणजे १,००० किलो हे प्रमाण मात्र खरोखर स्टॅटिक आहे. पावती क्रमांक देणारा गणकही स्टॅटिक असावा असे वाटते. परंतु आज्ञावली बंद होऊन पुन्हा सुरू झाली की असा गणक आरंभापासून मोजू लागतो आणि जुनेच क्रमांक पुन्हा देतो. म्हणून क्रमांक कायमस्वरूपी साठ्यातून घ्यावा लागतो.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत रक्कम देणे अपेक्षित आहे आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. त्यासाठी खेपेच्या वर्गात दिनांक हा गुणधर्म घालणे आणि 'देयदिनांक' ही पद्धत लिहिणे हा विद्यार्थ्यांसाठी चांगला स्वाध्याय ठरतो.

९. अध्यापनाची दिशा

पहिली सूचना क्रमासंबंधी आहे. पूर्वी जावातील पहिल्याच आज्ञावलीत वर्ग, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड हे शब्द अर्थ न सांगता लिहावे लागत. २०२५ मध्ये आलेल्या पंचविसाव्या आवृत्तीत लहान आज्ञावलीची मुख्य पद्धत वर्गाच्या वेष्टनाशिवाय लिहिण्याची सोय कायम झाली आहे. त्यामुळे वर्ग हा शब्द त्याची गरज निर्माण झाल्यावरच आणता येतो. प्रथम दोन खेपांचा हिशेब सुट्या चलांनी करून घ्यावा, मग वीस खेपांचा करण्यास सांगावे. कोणते रिकामे वजन कोणत्या गाडीचे याचा गोंधळ उडाला की वर्ग शिकण्याची वेळ आली असे समजावे.

दुसरी सूचना साधनासंबंधी आहे. मायकेल कोलिंग व सहकाऱ्यांनी प्रारंभिक अध्यापनासाठी तयार केलेले ब्लूजे हे साधन मोफत उपलब्ध असून त्यात वर्ग व वस्तू चौकटींच्या रूपात पडद्यावर दिसतात. ते उपलब्ध नसल्यास फळ्यावर चौकटी व बाण काढूनही काम भागते. निर्देश म्हणजे बाण आणि वस्तू म्हणजे चौकट, हा संकेत सत्रभर पाळावा.

तिसरी सूचना लिपीसंबंधी आहे. जावाने प्रारंभापासून युनिकोडचा स्वीकार केल्यामुळे वर्ग, गुणधर्म व पद्धती यांना देवनागरी नावे देता येतात. प्रारंभीच्या तासिकांत ही सोय उपयोगी पडते, कारण भाषेने ठरविलेला शब्द कोणता आणि आपण ठरविलेले नाव कोणते हे लिपीवरूनच ओळखता येते. मात्र पायमोडका ऱ हा स्वतंत्र वर्णसंकेताने किंवा र व नुक्ता जोडून, अशा दोन प्रकारे टंकलिखित होऊ शकतो. दिसावयास सारखी असलेली ही दोन नावे जावा भिन्न मानते. व्यावसायिक कामात रोमन नावांचाच प्रघात असल्याने पुढे त्यांकडे वळावे लागते.

अशा नोंदी गावापर्यंत पोहोचविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झालेले आहेत. वारणानगर परिसरातील ७० गावांत १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात गावातील संगणक केंद्रांतून ऊस उत्पादकांना कारखान्याकडील माहिती देण्यात येत असे. पुढे तेथील काही गावांत संगणकाऐवजी भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशाद्वारे तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला. साधन बदलले, परंतु शेतकऱ्याचे प्रश्न तेच राहिले : वजन किती भरले, रक्कम किती, ती केव्हा मिळणार. प्रश्न म्हणजे पद्धतींची नावे आणि उत्तर काढण्याची रीत म्हणजे त्यांचा अंतर्भाग, हा भेद या प्रकल्पाच्या आधारे चांगला स्पष्ट करता येतो.

१०. निष्कर्ष

वर्ग आणि वस्तू यांच्या व्याख्या परस्परांवर अवलंबून असल्याने केवळ पाठांतराने त्यांचे आकलन होत नाही. ज्या नोंदीशी विद्यार्थ्याच्या घराचा संबंध आहे अशी नोंद उदाहरण म्हणून घेतल्यास पुढील गोष्टी स्पष्ट होतात. वर्ग हा माहिती व कृती यांचे एकत्र केलेले, गरजेनुसार मनुष्याने ठरविलेले स्वरूप होय. रचनाकार अपुऱ्या वस्तूला जन्म घेऊ देत नाही. नाव हे वस्तू नसून वस्तूचा निर्देश असतो. माहिती सारखी असल्याने वस्तू एक होत नाहीत आणि नावे दोन असल्याने वस्तू दोन होत नाहीत. खासगी माहितीचा हेतू लपविणे हा नसून बदल तपासणीखाली आणणे हा आहे. एखादी माहिती वस्तूची, वर्गाची की दुसऱ्याच वस्तूची, हे व्यवहार समजून घेतल्याशिवाय ठरत नाही.

यांपैकी शेवटचा मुद्दा संगणकाच्या अध्यापकापुरता मर्यादित नाही. दर कोणाचा हे अर्थशास्त्राला, दुरुस्ती कशी नोंदवावी हे लेखाशास्त्राला आणि नाव कशाला म्हणावे हे व्याकरणाला विचारावे लागते. ऊस-पावतीच्या ठिकाणी दूध-संकलनाची नोंद किंवा पाणी-पट्टीची नोंद घेऊनही हेच विवेचन करता येईल. उदाहरण निवडताना त्यातील चुकीची किंमत विद्यार्थ्याला कळते की नाही, एवढे पाहणे आवश्यक आहे.